वाचकांचे प्रश्न : सर्व्हरमध्ये कोर नेमके किती?

सर्व्हरमधील प्रोसेसर, कोर आणि त्यांची मोजणी या विषयावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे लांब असल्यामुळे त्यांतील फक्त मुद्द्याचा भाग छापला आहे.

प्रश्न : आमच्या नव्या सर्व्हरच्या खरेदीपत्रात प्रत्येकी १६ कोरचे २ प्रोसेसर असे लिहिले आहे. त्यावर लिनक्स टाकले तर ६४ सीपीयू दिसतात, आणि विंडोज सर्व्हरच्या परवान्यांसाठी विक्रेता ३२ चा हिशेब मांडतो. यांतला खरा आकडा कोणता?

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत, कारण ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. मदरबोर्डवर प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट. आपल्याकडे अशी २ सॉकेट आहेत. प्रत्येक प्रोसेसरच्या आत सूचना स्वतंत्रपणे पार पाडणारी १६ यंत्रणा आहेत, त्यांना कोर म्हणतात. ते झाले ३२. आणि हायपर-थ्रेडिंग चालू असल्यामुळे प्रत्येक कोर ऑपरेटिंग सिस्टीमपुढे स्वतःची ओळख दोन थ्रेड म्हणून करून देतो. ते झाले ६४. इंटेलने हे तंत्र २००२ मध्ये झिऑन आणि पेंटियम ४ प्रोसेसरांत आणले. मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत कोरचा बराच वेळ रिकामा जातो, त्या वेळात दुसऱ्या कामाच्या सूचना पुढे सरकवाव्यात, ही त्यामागची कल्पना आहे. एका टेबलावर दोन कारकून बसवले, तर एकाची फाइल येईपर्यंत दुसऱ्याला टेबल वापरता येते. टेबले मात्र दोन होत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टीम हा आकडा स्वतः शोधून काढते असे नाही. यंत्र सुरू होताना फर्मवेअर (मदरबोर्डवरच साठवलेला प्रारंभिक प्रोग्रॅम) तिला एक तक्ता देते, ज्यात प्रत्येक थ्रेडसाठी एक नोंद आणि एक ओळखक्रमांक असतो. त्या क्रमांकातील कोणते बिट थ्रेडचे, कोणते कोरचे आणि कोणते सॉकेटचे, हे प्रोसेसरला सीपीयूआयडी या सूचनेने विचारता येते. सुरुवातीला एकच थ्रेड जागा असतो. तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, चालू करतो आणि मग बाकीच्या ६३ जणांना एकेक करून उठवतो. यानंतर कर्नलच्या लेखी ही ६४ ठिकाणे काम देण्याच्या दृष्टीने सारखीच असतात, आणि म्हणूनच यादीत ६४ सीपीयू दिसतात. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा दिली, तर सॉकेट, सॉकेटमागे कोर आणि कोरमागे थ्रेड असे तिन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत मिळतात. खरेदीपत्राशी पडताळणी करायची ती या ओळींवरून. सर्वांत वरच्या एकूण आकड्यावरून नव्हे.

काम वाटून देणाऱ्या शेड्यूलरला मात्र ही ६४ ठिकाणे सारखी नसतात हे ठाऊक असते. लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र रांग असते आणि त्या रांगांवर एका कोरमधले दोन थ्रेड, समान कॅश (कोरजवळची लहान, वेगवान मेमरी) वापरणारे कोर, एका सॉकेटच्या मेमरीजवळचे कोर अशी गटांची उतरंड रचलेली असते. नवे काम आले, की शक्यतो ज्या कोरचे दोन्ही थ्रेड रिकामे आहेत असा कोर आधी शोधला जातो, आणि तसा मिळाला नाही तरच दुसऱ्या कुणाच्या शेजारी ते काम बसवले जाते. एका सॉकेटवरून दुसऱ्या सॉकेटवर काम हलवायला शेड्यूलर सर्वांत नाखूश असतो, कारण मेमरीचे चिपही सॉकेटांमध्ये वाटलेले असतात आणि दुसऱ्याच्या मेमरीतून वाचायला अधिक वेळ लागतो. हे अंतर न्यूमासीटीएल ही आज्ञा १० आणि २१ अशा आकड्यांत दाखवते. ते आकडे फर्मवेअरने सांगितलेले असतात, कुणी घड्याळ लावून मोजलेले नसतात, त्यामुळे दूरची मेमरी नेमकी २.१ पट संथ आहे असा अर्थ त्यांतून काढू नये.

आपण एखादा प्रोग्रॅम ठरावीक सीपीयूंवर बांधून ठेवणार असाल, तर क्रमांकांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्यासारख्या दोन सॉकेटच्या इंटेल यंत्रावर लिनक्स बहुधा ० ते १५ हे पहिल्या सॉकेटचे आणि १६ ते ३१ हे दुसऱ्या सॉकेटचे कोर धरते, आणि ३२ पासून पुढे त्याच कोरांचे दुसरे थ्रेड मोजते. म्हणजे ० चा जोडीदार १ नसून ३२ असतो. विंडोजमध्ये जोडीदार लागोपाठ येतात, ० आणि १, २ आणि ३ असे. त्यामुळे ‘पहिले ३२ सीपीयू द्या’ ही एकच सूचना लिनक्सवर ३२ कोर मिळवून देते आणि विंडोजवर १६ च. काही उत्पादकांचे फर्मवेअर सॉकेटांना सम-विषम क्रमांक देते, म्हणून बांधणी करण्यापूर्वी आपल्या यंत्रावरचा क्रम पाहून घ्यावा.

राहिला परवान्यांचा प्रश्न. विंडोज सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून प्रत्यक्ष कोर मोजले जातात, थ्रेड नाहीत. प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोरांचे परवाने घ्यावेच लागतात, मग यंत्रात कोर त्याहून कमी का असेनात. आपले कोर या किमान मर्यादेच्या वर आहेत, त्यामुळे विक्रेत्याचा ३२ चा हिशेब बरोबर आहे.

प्रश्न : लिनक्समधील टॉप ही आज्ञा आमच्या एका प्रोग्रॅमपुढे ७८० टक्के दाखवते. शंभरापेक्षा जास्त टक्के कसे असू शकतात? आणि एकूण वापर ५० टक्के दिसत असेल, तर निम्मी क्षमता शिल्लक आहे असे मानावे का?

उत्तर : टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक थ्रेड पूर्ण व्यग्र. आपला प्रोग्रॅम जवळजवळ आठ थ्रेड व्यापून बसला आहे, इतकाच ७८० चा अर्थ. शिफ्ट धरून आय दाबल्यास हाच आकडा एकूण सीपीयूंनी भागून दिसू लागतो. विंडोजचा टास्क मॅनेजर पहिल्यापासूनच भागून दाखवतो, आणि त्यामुळे दोन प्रणालींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे फसतात.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शेड्यूलर आधी रिकामे कोर भरतो हे वर आलेच आहे. म्हणजे ६४ पैकी ३२ थ्रेड व्यग्र असताना बहुतेक कोरांवर एकेक काम चाललेले असते. पुढे दुसरे थ्रेड भरू लागले, की प्रत्येक कोरमधून मिळणारी जादा कामगिरी दुप्पट नसते. समजा ती २५ टक्के आहे. मग दोन्ही थ्रेड मिळून १२५ काम होते आणि एकट्याकडून १०० होत होते, म्हणजे मीटर ५० टक्के दाखवत असताना यंत्राची ८० टक्के क्षमता आधीच खर्च झालेली होती. पुढच्या वर्षीच्या क्षमतेचे नियोजन ५० चा आकडा सरळ दुप्पट करून केलेले असेल, तर ते पुन्हा तपासावे.

प्रश्न : आमचा डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवर आहे. मशीनला आधी ४ सीपीयू होते. काम वाढल्यावर ते १६ केले. विंडोज १६ दाखवते, पण एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड एडिशनचा वेग जराही वाढला नाही. व्हर्च्युअलायझेशनमुळेच ही घट येते का?

उत्तर : एवढ्या माहितीवरून दाट शक्यता वेगळीच वाटते, आणि ती आपण पाच मिनिटांत पडताळू शकता. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत स्टँडर्ड एडिशन ४ सॉकेट किंवा २४ कोर यांपैकी जे कमी असेल तेवढेच वापरते. आता व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्राच्या, रचनेत पाहा. सॉकेटमागे कोर किती, हा रकाना तिथे असतो आणि कित्येकदा तो १ वरच ठेवलेला असतो. तसे असेल, तर आपण १६ सीपीयू दिले याचा अर्थ डेटाबेसच्या दृष्टीने १ कोरची १६ सॉकेट दिली असा होतो. त्यांपैकी ४ सॉकेट, म्हणजेच ४ कोर, तो वापरतो आणि उरलेले १२ निमूटपणे बाजूला ठेवतो.

डेटाबेस सुरू होताना त्याच्या एरर लॉगमध्ये किती सॉकेट आढळली, सॉकेटमागे किती कोर आहेत आणि परवान्यानुसार किती लॉजिकल प्रोसेसर वापरात घेतले, हे एका वाक्यात लिहिलेले असते. नाव एरर लॉग असले तरी ही चूक म्हणून नोंदवलेली नसते, म्हणून ती सहसा कुणी वाचत नाही. डेटाबेसच्या स्वतःच्या शेड्यूलरांची यादी देणारा डीएमव्ही, म्हणजे त्याची अंतर्गत स्थिती दाखवणारा तक्ता, उघडला, तर त्यात ४ शेड्यूलर ऑनलाइन आणि १२ ऑफलाइन दिसतील. तसे दिसले, तर मशीन बंद करून रचना २ सॉकेट आणि सॉकेटमागे ८ कोर अशी करावी. सीपीयूंची संख्या १६ च राहील, पण डेटाबेसला ते सगळे मिळतील.

हे आकडे ठरवताना खालच्या खऱ्या यंत्राची रचनाही विचारात घ्यावी. यजमान यंत्रात १६ कोरचे दोन प्रोसेसर असतील, तर १६ सीपीयूंची मशीन एका प्रोसेसरमध्ये आणि त्याच्याजवळच्या मेमरीत पूर्ण मावू शकते, आणि अशा वेळी १ सॉकेट, १६ कोर ही रचना अधिक सरळ ठरते. मशीनला जितके जास्त सीपीयू द्यावेत तितके चांगले, हा समज मात्र सोडावा. व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे यजमानाच्या शेड्यूलरपुढे रांगेत उभे असलेले आणखी एक काम. यजमानावर गर्दी असेल, तर ते थांबते, आणि आतील ऑपरेटिंग सिस्टीमला तो थ्रेड आपलाच आहे असे वाटत राहते. लिनक्सच्या टॉपमध्ये एसटी या अक्षरांपुढे दिसणारा आकडा अशाच हिरावल्या गेलेल्या वेळेचा असतो.

प्रश्न : प्रत्येकी १८ कोरचे दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६ चालते. ७२ लॉजिकल प्रोसेसर दिसतात, तरी गणिती आकडेमोड करणारा आमचा जुना प्रोग्रॅम कितीही भार दिला तरी ५० टक्क्यांच्या पुढे जात नाही. प्रोग्रॅम पुरवणारे म्हणतात, दोष यंत्राचा आहे.

उत्तर : यंत्र निर्दोष दिसते. एखादे काम कोणकोणत्या सीपीयूंवर चालू शकते, हे विंडोज पूर्वापार एका संख्येच्या बिटांवर नोंदवत आले आहे. एका सीपीयूला एक बिट, आणि ६४ बिटी प्रणालीत त्या संख्येत ६४ बिट, म्हणून ६४ सीपीयूंची सीमा. यंत्रे त्यापलीकडे जाऊ लागली तेव्हा ही नोंद बदलली असती, तर आधीचे असंख्य प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांपासून प्रोसेसर ग्रुप आले. प्रत्येक ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ६४ सीपीयू असतात, आणि ज्या प्रोग्रॅमला ग्रुप ही कल्पनाच माहीत नाही तो एका ग्रुपमध्ये राहतो. ७२ चे विभाजन ६४ आणि ८ असे न होता सॉकेटांप्रमाणे ३६ आणि ३६ असे होते. आपला प्रोग्रॅम एकाच सॉकेटच्या ३६ थ्रेडांवर पूर्ण ताकदीने चालत आहे, दुसरे सॉकेट मोकळे बसले आहे, आणि मीटर प्रामाणिकपणे ५० टक्के सांगत आहे.

विंडोज सर्व्हर २०२२ पासून प्रोग्रॅमचे थ्रेड (कोरचे नव्हे, तर प्रोग्रॅमने एकाच वेळी चालवलेले कामाचे धागे) आपोआप सर्व ग्रुपांत पसरू शकतात. तरीही सीपीयू किती हे जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या प्रोग्रॅमला एकाच ग्रुपचा आकडा मिळतो, आणि त्याने तेवढेच थ्रेड निर्माण केले तर नव्या सोयीचा त्याला पुरता लाभ होत नाही. खरा इलाज पुरवठादाराने प्रोग्रॅम सुधारणे हाच आहे. तोपर्यंत काम दोन भागांत तोडता येत असेल, तर प्रोग्रॅमच्या दोन प्रती दोन वेगळ्या ग्रुपांत चालवाव्यात. तेही शक्य नसेल, तर एक उपाय वरवर उलटा वाटणारा आहे : बायोसमध्ये जाऊन हायपर-थ्रेडिंग बंद करावे. मग ७२ ऐवजी ३६ सीपीयू दिसतील, ते सगळे एकाच ग्रुपमध्ये बसतील, आणि आज १८ कोर वापरणाऱ्या प्रोग्रॅमला ३६ कोर मिळतील.

लिनक्समध्ये ही नोंद हवी तेवढी लांब ठेवता येते. एक्स८६ वर कर्नलची रचना करताना ती ८१९२ सीपीयूंपर्यंत नेता येते. तिथे अडचण आली तर सी भाषेतील प्रमाणित ग्रंथालयात येते, ज्यातील नेहमीचा संच १०२४ सीपीयूंपुरता आखलेला आहे. आपल्या यंत्राचा तिथपर्यंत संबंध येत नाही.

प्रश्न : सुरक्षेसाठी हायपर-थ्रेडिंग बंद ठेवावे असे काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे, पण सर्वांसाठी नाही. एका कोरचे दोन थ्रेड सर्वांत जवळची कॅश वाटून घेतात, आणि एकावरचे काम दुसऱ्याच्या खुणा टिपू शकते. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एल१टीएफ या त्रुटीने हा धोका ठळकपणे समोर आणला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने तर त्याआधीच, जून २०१८ मध्ये, इंटेल प्रोसेसरांवर हे तंत्र आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली होती. एकाच यंत्रावर परस्परांवर विश्वास नसलेल्या ग्राहकांची कामे चालत असतील, तर बंद ठेवणे किंवा लिनक्स ५.१४ मध्ये आलेले कोर शेड्युलिंग वापरणे योग्य. त्यात एका कोरवर एका वेळी एकाच विश्वासातील कामे बसवली जातात. सर्व काही आपल्याच संस्थेचे असेल, तर वेळच्या वेळी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनासंच) आणि कर्नल अद्ययावत करणे बहुधा पुरेसे आहे. ज्यांना या प्रश्नात पडायचेच नाही त्यांच्यासाठी अँपिअर कंपनीच्या आल्ट्रा मॅक्ससारखे १२८ कोरचे आर्म प्रोसेसर आहेत, ज्यांत कोरमागे एकच थ्रेड असतो.

प्रश्न : ६४ सीपीयूंच्या यंत्रावर आम्ही कंटेनर चालवतो. प्रत्येकाला २ सीपीयूंची मर्यादा दिली आहे. कंटेनरचा सरासरी वापर कमी असूनही मधूनच उत्तर यायला दशांश सेकंदाच्या आसपास विलंब लागतो. कारण काय असावे?

उत्तर : कंटेनर म्हणजे एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर इतरांपासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्रॅम. २ सीपीयूंची मर्यादा या शब्दांवरून दोन सीपीयू वेगळे काढून दिले असे वाटते, तसे घडत नाही. लिनक्समध्ये ही मर्यादा वेळेच्या कोट्याने पाळली जाते : दर १०० मिलिसेकंदांच्या अवधीत या कंटेनरने सर्व सीपीयूंवर मिळून २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये. काम कोणत्या सीपीयूवर चालावे यावर बंधन नसते, आणि आतील प्रोग्रॅमने सीपीयूंची संख्या विचारली तर त्याला ६४ हेच उत्तर मिळू शकते. त्या आकड्यावर विसंबून प्रोग्रॅमने ४० थ्रेड सुरू केले आणि एखाद्या क्षणी ते सगळे एकदम कामाला लागले, तर २०० मिलिसेकंदांचा कोटा ५ मिलिसेकंदांत संपतो. उरलेले ९५ मिलिसेकंद यंत्रावर इतर सीपीयू रिकामे असले तरी सगळ्या थ्रेडांना थांबवून ठेवले जाते. आपल्याला दिसणारा दशांश सेकंद बहुधा हाच. सरासरी आलेखात तो उमटत नाही, कारण मिनिटभराच्या सरासरीत वापर कमीच असतो.

कोणत्या भाषेतील प्रोग्रॅम आहे यावर पुढचे अवलंबून आहे. जावा १० पासून, आणि जावा ८ च्या अद्ययावत क्रमांक १९१ पासून, जावाचे यंत्र कोटा वाचून त्यानुसार थ्रेड ठरवते. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर कचरा गोळा करणारे, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारे, थ्रेडसुद्धा ६४ च्या हिशेबाने निर्माण होतात, आणि ते एकदम जागे होण्याची सवय असल्यामुळे त्रास सर्वांत जास्त तिथेच होतो. गो भाषेत ही समज २०२५ मधील १.२५ या आवृत्तीत आली; त्याआधीच्या आवृत्तीत गोमॅक्सप्रॉक्स हे चल हाताने २ करून ठेवावे लागते. पायथनमधील नेहमीचा सीपीयू काउंट संपूर्ण यंत्राचा आकडा देतो. आवृत्ती ३.१३ मध्ये त्या प्रक्रियेला मोकळे असलेले सीपीयू सांगणारी वेगळी क्रिया जोडली आहे, पण तीही कोटा पाहत नाही, म्हणून तिथे वर्करची संख्या आपणच लिहून द्यावी.

कोट्याऐवजी सीपीयूसेट वापरून कंटेनरला खरोखरच दोन सीपीयू बांधून देणे हाही मार्ग आहे. मग प्रोग्रॅमला थांबवून ठेवले जात नाही, फक्त रांगेत उभे राहावे लागते, आणि विलंब एकदम न येता थोडा थोडा वाटला जातो. मात्र ते दोन क्रमांक निवडताना पहिल्या उत्तरातील ० आणि ३२ ची जोडी आठवावी, नाहीतर दोन सीपीयू म्हणून एकाच कोरचे दोन थ्रेड पदरात पडतील. यांपैकी काहीही बदलण्यापूर्वी कंटेनरच्या सीग्रुपमधील (लिनक्स ज्या गटावर या मर्यादा लावते त्यातील) सीपीयू-स्टॅट ही फाइल दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचावी. तीत एकूण अवधी किती झाले, त्यांपैकी किती अवधींत कोटा संपून थांबावे लागले आणि एकूण किती मायक्रोसेकंद थांबावे लागले, हे स्वतंत्र ओळींत दिलेले असते. दुसरा आकडा दोन्ही वेळा सारखाच राहिला, तर कोटा दोषी नाही आणि विलंबाचे कारण नेटवर्कमध्ये किंवा डिस्कवर शोधावे लागेल.